कागदाचं खुलताबाद

फहमिदा गुलमंडीमागच्या गल्लीत राहायची आणि घरीच शिवणकाम करायची. आपल्या दोन लहान मुलींसाठी तिनं एका पत्र्याच्या डब्यात सामान जमवलं होतं. पतंगाचे कागद, कापडाची कातरणं, रिकाम्या काड्यापेट्या, बोथट टोकाची कात्री. मैद्याची खळ ती ताजी शिजवून द्यायची. काही संपलं की भरून ठेवायची, पण स्वतः कधी काही करायला बसली नव्हती.

एका दुपारी थोरली तहसीन म्हणाली, "अम्मी, तुझं खुलताबाद कसं हाय? आपण तिथं कधी जातच नाय."

आई वारल्यापासून फहमिदानं माहेरची वाट सोडली होती. तरी मशीन थांबवून ती हळूहळू सांगू लागली. डोंगरावरचं गाव, गावाभोवती तट, वेशीतून आत गेलं की पांढरे घुमट आणि सीताफळाची झाडं. ती बोलत गेली तसं मुलींच्या हातून फरशीवर गाव उभं राहत गेलं. काड्यापेट्यांची घरं झाली, हिरव्या कातरणांचा डोंगर झाला. खिडकीला टेकवलेल्या निळ्या कागदातून निळं ऊन तिच्या पावलांवर उतरलं. खोलीत डोंगरावरचा वारा शिरलाय, असं तिला वाटलं.

धाकटीनं शेवटचं घर ठेवलं. "अम्मी, ह्यात कोण राहतं?"

फहमिदा खाली बसली. पांढऱ्या कागदाची एक छोटी बाई कापून तिनं दारात उभी केली.

"तुमची नानी. लई दिवस झाले, वाट बघतीय."

पुढच्या जुम्म्याला ती दोघींना घेऊन खुलताबादच्या एसटीत बसली.