पिओनीला लावलेली भर

मी इंग्लंडमधल्या रीडिंगला यायला निघाले त्या दिवशी आई सोडायला आली नाही. हळदीची लावण चालू होती आणि बायका रानात येऊन थांबल्या होत्या. सांगलीजवळच्या आमच्या गावात मुलीच्या विमानासाठी लावण कोणी मोडत नाही. मी बांधावरच पाया पडले. ती म्हणाली, "पोचल्यावर फोन कर. आणि राहशील तिथं काहीतरी लाव. रिकामी जमीन बरी दिसत नाही." एवढं बोलून ती पुढच्या सरीत वाकली. मी रडले नाही. गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

रिकामी जमीन मिळायला आठ वर्षं लागली. घर घेतलं तेव्हा मागे पंधरा फुटांचं गार्डन होतं. तिथे गार्डन सेंटरमधून आणलेला पिओनीचा गड्डा लावला. जूनमध्ये येणारं, वाटीएवढं, गच्च गुलाबी पाकळ्यांचं हे फूल. इथल्या जुन्या घरांपुढे त्याचं एखादं झुडूप असतंच, आणि ते आजीनं लावलं होतं असं लोक सांगतात. पाकिटावरचं चित्र मी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. इकडे ये म्हणून मी दर वर्षी मागे लागायचे आणि ती कारण काढायची. कधी म्हैस व्यालेली, कधी हळद शिजवायची. त्या दिवशी मात्र म्हणाली, "बरं, हे फूल आलं की येते बघायला." मी व्हिसाचा फॉर्म डाउनलोड करून ठेवला.

पहिल्या वर्षी पानं आली. दुसऱ्या वर्षीही पानंच. ऑक्टोबरात ती वाळली की मातीतून गड्ड्याचे लाल डोळे वर दिसायचे. आईला दाखवले तर ती चिडली. "उघडा ठेवलास होय गं? हळदीच्या घरची ना तू? भर लाव." हळदीचा गड्डा उघडा पडला की त्याला माशी लागते, म्हणून दोन्ही बाजूंची माती ओढून त्याच्यावर चढवतात, तीच भर. मी दर वर्षी भर लावली, वर कंपोस्टही घातलं. सहा वर्षं झुडूप हिरवंगार राहिलं आणि एक कळी धरली नाही. आई विचारायची, "आलं का?" मी म्हणायचे, "नाही." "मग मी कशाला येऊ?" आणि दोघी हसायचो.

ती फेब्रुवारीत गेली. मी पोचले तेव्हा तिसरा दिवस होता.

त्या ऑक्टोबरात मी सवयीनं फावडं घेऊन माती ओढत होते. शेजारची मार्गरेट, ऐंशीच्या घरातली, कुंपणावरून बघत होती. म्हणाली, "लव्ह, तू त्याला पुरते आहेस." डोळ्यांवर दोन बोटांहून जास्त माती गेली की पिओनी फुलत नाही, त्यांना थंडी लागावी लागते, हे कुणालाही ठाऊक असावं अशा सुरात तिनं सांगितलं. मी फावडं ठेवलं आणि हातानं माती बाजूला केली. सहा वर्षांची होती, वेळ लागला.

दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये तीन फुलं आली. दोन दिवस बरी होती. तिसऱ्या दिवशी पाऊस झाला आणि तिन्ही माना चिखलात गेल्या. पाकळ्या गोळा करून ग्रीन बिनमध्ये टाकल्या.

आईला मी दोष देत नाही. मार्गरेट सहा वर्षं कुंपणापलीकडेच होती, मी तिला विचारलं नाही. मातीतलं आईला कळतं, हे मी इकडे येताना बरोबर घेऊन आले होते आणि ते तपासून बघायचं कधी सुचलं नाही.

परवा धाकट्या भावाचा फोन आला. त्यानं हळद बंद करून ऊस लावलाय, नवीन घरही बांधलंय. "आक्का, जूनमध्ये वास्तुशांत हाय. ये की."

"जूनमध्ये नको. पिओनीला फुलं येतात. नंतर बघू."

तो म्हणाला, "आईगत बोलायलीस."

आमच्यातले जे गावी राहिले ते विचारतात, घर कुठलं म्हणायचं? जे इकडे आले तेही विचारतात. ज्या जागेचं निमित्त सांगून आपण दुसरीकडे जायचं टाळतो, ती जागा. आईचं ते रान होतं. माझं हे पंधरा फूट.

यंदा सात कळ्या धरल्यात. पाऊस आठवडाभर सांगितलाय.