तिसऱ्या खांबातल्या विटा

लोक अक्षरं शिकतात ती पोथी वाचायला, नाहीतर नोकरीला. मी वयाच्या विसाव्या वर्षी शिकले ती एका माणसाला बुडवायला. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. शाळेत मुलींना बाराखडी शिकवताना मनात पुष्कळदा यायचं, पण सांगायची जागा ती नव्हती.

आम्ही लोणावळ्याजवळच्या भाजे गावचे. माझे वडील पाथरवट. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणायची. माझं लग्न सोळाव्या वर्षी झालं आणि वर्ष पुरं व्हायच्या आत नवरा पटकीनं गेला. सासरच्यांनी चार महिन्यांनी मला आबांच्या दारात आणून सोडलं. आई आधीच गेलेली. घरात आम्ही दोघंच. आबांनी कधी माझ्या नशिबाबद्दल एक शब्द काढला नाही. पहिल्याच दिवशी म्हणाले, "भाकरी तू कर, पानी मी आणतो." बास.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या चारपाच वर्षं आधी गावावरच्या लेण्यांची दुरुस्ती निघाली. आम्ही त्यांना पांडवांची लेणी म्हणत असू. ते बुद्धाचं देऊळ आहे, त्यात भिक्षू प्रार्थनेला बसत, हे पहिल्यांदा कळलं ते सरकारी माणसांच्या तोंडून. मोठ्या लेण्यात दोन्ही अंगांना आठ कोनांचे खांब आहेत. त्यातले डावीकडचे काही पाण्यानं आणि काळानं गेले होते, नुसते बुंधे उरलेले. तिथे नवा दगड घडवून जुन्यासारखे खांब उभे करायचे होते. काम पुण्याच्या एका ठेकेदाराला मिळालं. त्यानं पंचक्रोशीत चौकशी केली तेव्हा सगळ्यांनी आबांचंच नाव सांगितलं.

आबा त्या कामावर फार खूश होते. सकाळी डोंगर चढताना ते एखाद्या सोयऱ्याकडे निघाल्यासारखे दिसायचे. जुन्या खांबावर तळहात फिरवत मला म्हणायचे, "पांडव असूंत न्हाईतर बुद्ध असूं, टाकी धरनारा मानूस व्हता. हितं बघ, हात दुखला आसंल त्याचा, घाव तिरका गेलाय." मी तिथे हंडे वाहायची. पाणी खालच्या टाक्यातून वर न्यायचं, चुना कालवायला आणि माणसांना प्यायला.

आबांच्या हाताखाली एक मुकादम होता. गावातलाच. टाकी कशी धरायची इथपासून आबांनीच त्याला शिकवलेलं. त्याची बायको माझ्याच वयाची होती, आमचं पाणवठ्यावर रोजचं बोलणं.

दोन खांब आबांनी घडवले. तिसऱ्याच्या वेळी ठेकेदार म्हणाला, दगड येईपर्यंत महिने जातील, आतून वीट घाला आणि वरून चुन्यात काळ्या दगडाची भुकटी मिसळून गिलावा द्या. डोळ्याला फरक कळणार नाही. आबा म्हणाले, "मी न्हाई करनार."

"तुला विचारलं कुणी?" ठेकेदार म्हणाला. "सांगितलंय."

"मग दुसऱ्याला सांगा. आन् सायेब आलं की मी त्यास्नी बोलनार."

हे सगळ्या माणसांसमोर झालं. ठेकेदार हसला आणि निघून गेला. मला वाटलं, विषय संपला.

चारच दिवसांनी कामासाठी बांधलेली बांबूंची परांची सुटून खाली आली. दाराशी एक पहारेकरी कोरलेला होता, त्याच्या हाताची बोटं तुटली. कुणी मेलं नाही म्हणून मी देवाचे आभार मानले. त्याच संध्याकाळी चावडीवर बोलावणं आलं. ठेकेदार, पोलीस पाटील, अर्धं गाव जमलेलं. ठेकेदारानं आबांना त्यांची हत्यारांची पिशवी सगळ्यांसमोर उपडी करायला लावली. टाक्या, हातोडी, गुण्या, आणि त्यांच्यात फडक्यात गुंडाळलेली ती दगडाची बोटं.

"मूर्ती फोडून विकायला निघाला होता," ठेकेदार म्हणाला. "ह्या माणसाला तुम्ही आबा म्हणता?"

आबा मुकादमाकडे बघत राहिले. पिशवी दिवसभर मुकादमाजवळ होती, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मुकादम जमिनीकडे बघत म्हणाला, "मी आबांना मूर्तीपाशी बघितलं व्हतं." पाटलानं फौजदारी नको म्हणून मिटवलं. पण आबांनी पुन्हा लेण्याची पायरी चढायची नाही, आणि हत्यारं पुरावा म्हणून ठेकेदाराच्या कोठीत राहतील, असं ठरलं. ती हत्यारं आबांच्या वडिलांची होती. आबा रिकाम्या हातानं घरी आले आणि भिंतीला टेकून बसले.

त्यानंतर त्यांना कुणी काम दिलं नाही. देवळाच्या पायरीचं नाही की विहिरीच्या कठड्याचं नाही. मळवलीच्या एका लोहाराकडून उसनी टाकी घेऊन ते दारोदार पाट्याला टाकी लावत फिरायचे. एकदा एका बाईनं त्यांना ओसरीवर न घेता पाटा अंगणात आणून दिला, घरातलं काही जाईल म्हणून. हे त्यांनी मला सांगितलं नाही, मी त्यांच्याबरोबर होते.

मी लेण्यावरचं काम सोडलं नाही. गाव म्हणालं, हिला लाज नाही. आबासुद्धा म्हणाले, "तितं जाऊ नगंस, पोरी."

"जानार," मी म्हटलं. एवढंच. ठेकेदारालाही त्यात मौज वाटत असावी. ज्याला चोर ठरवला त्याची मुलगी आपल्याला पाणी पाजते. तो मला मुद्दाम हाक मारून पाणी मागायचा. मी द्यायची. तो पीत असताना त्याचा गळा वरखाली होताना बघत उभी राहायची.

विटा गोणपाटात झाकून वर यायच्या. बायकांच्या डोक्यावरून, माझ्याही डोक्यावरून. तिसऱ्या खांबात गिलाव्याखाली बुंध्यापासून टोकापर्यंत वीट गेली. चौथ्यात अर्ध्यापर्यंत. मी सगळं मनात ठेवलं. आणि आठवड्यातून तीनदा मळवलीला जाऊ लागले. तिथे एका मास्तरांची बायको होती, तिच्याकडे धुणं धुवायचं आणि बदल्यात अक्षरं शिकायची. तिनं विचारलं, "एवढी घाई कसली गं तुला?" मी म्हटलं, देवाचं नाव वाचायचंय. त्या माउलीनं मला पाटी दिली, दौत दिली, शेवटी कागदही दिला.

सात महिन्यांनी मी विटांबद्दल लेण्यांच्या सरकारी कचेरीला पहिला अर्ज लिहिला आणि मळवलीच्या टपालपेटीत टाकला. खाली नाव घातलं नाही. तो कागद कुठून कसा फिरला देव जाणे, महिन्याभरात ठेकेदाराच्या हातात आला. त्यानं तो लेण्यात सगळ्यांसमोर वाचला. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका मोठ्यानं वाचून हसवलं. "कुणीतरी अर्धवट मास्तर दिसतोय," म्हणाला. मीही हसले. पण मला त्यातून एक कळलं. मी अर्जात खूप रडगाणं गायलं होतं. रडगाणं कुणी वाचत नाही.

दुसरा अर्ज तीन ओळींचा होता. मोठ्या लेण्यातला डावीकडचा तिसरा नवा खांब दगडाचा नाही. हातोडा मारून बघा. खोटं निघालं तर मला तुरुंगात टाका. आणि खाली पूर्ण नाव, आबांच्या नावासकट.

मधल्या काळात मी आणखी एक केलं. मुकादमाच्या बायकोशी मैत्री वाढवली. आधीची मैत्री खरी होती, ही नव्हती. तिला दिवस गेले होते, मी तिला आंबट करून द्यायची, पाय चेपायची. एक दिवस ती आपणहून रडली आणि म्हणाली, परांचीचा दोर नवऱ्यानंच नीट बांधला नव्हता, ठेकेदारानं त्याला म्हटलं, तुला तुरुंग हवा का म्हाताऱ्याला? मी तिचे डोळे पुसले. मनात म्हटलं, सापडला.

दिवाळीनंतर साहेब आला. पुण्याचा, आपलाच माणूस, तरुण, अंगात लांब कोट. अर्जाबद्दल तो काही बोलला नाही. ठेकेदारानं खुर्ची मांडली होती, हार आणला होता. साहेब खांबाखांबापुढे थांबून बघत होता. तिसऱ्यापाशी आला तेव्हा ठेकेदार त्याला छताच्या लाकडी कमानी दाखवू लागला. साहेबानं मान वर केली. मी हंडा खाली ठेवला.

"सायेब, त्यो खांब."

"ही त्या चोराची मुलगी," ठेकेदार लगेच म्हणाला. "हिचं काय ऐकता?"

साहेबानं मला नाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं खिशातून कागद काढून बघितला आणि मुकादमाला म्हणाला, "हातोडा आण. मार इथं."

मुकादमानं मारला, पण असा की माशी मरणार नाही. साहेब काही बोलायच्या आत मी पुढे झाले. "जोरात मार," मी म्हटलं. "आबांनी शिकवलंय तुला. दगुड कसा वाजतो तुला ठावं हाय."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या बायकोनं मला काय सांगितलं ते त्याला माझ्या तोंडावर दिसलं असावं. त्यानं हातोडा डोक्यावर नेला आणि घातला. आवाज भद असा आला. दुसऱ्या घावाला गिलाव्याची खपली गेली, आणि आतून लाल वीट उघडी पडली. ठेकेदारानं घाम पुसला. तो घाम मला अजून दिसतो, आणि अजून गोड वाटतो.

साहेबानं जबाब घ्यायला सुरुवात केली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "हितं न्हाई देनार. चावडीवर देईन. आबांच्या पुढ्यात. आन् ह्यांनी हत्यारं सोताच्या हातानं आनून द्यायची."

"हे माझ्या अखत्यारीतलं नाही, बाई."

"मग माझा जबाबबी न्हाई."

साहेबानं ठेकेदाराकडे बघितलं. चौकशी लांबली तर दुसऱ्या कामांतली लबाडीही बाहेर येईल, अशी ठेकेदाराला भीती असणार, तो कबूल झाला.

चावडीवर पुन्हा तेच गाव जमलं. मुकादमानं परांचीचं, बोटांचं, पिशवीचं सगळं सांगितलं. मग ठेकेदार पिशवी घेऊन आबांसमोर उभा राहिला. हत्यारांना गंज चढला होता आणि दोन टाक्या नव्हत्या. तो पुटपुटला, चूक झाली.

"मोठ्यानं बोला," मी म्हटलं. "तवा मोठ्यानं बोलला व्हता."

तो मोठ्यानं बोलला. मी म्हटलं, मागं बसलेल्यांना ऐकू गेलं न्हाई. त्याला तिसऱ्यांदा बोलावं लागलं. आबांनी पिशवी घेतली आणि मला म्हणाले, "पुरं झालं. चल घरी." मला ते पुरं वाटत नव्हतं. मला तो रात्रभर बोलत राहायला हवा होता.

काम बंद पडलं. दोन पावसाळे खांब तसाच फुटका उभा होता. ज्या बायकांची रोजची मजुरी गेली त्या पाणवठ्यावर माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मुकादम खंडाळ्याला रेल्वेच्या खडीवर गेला. जाण्याआधी त्याची बायको कडेवर पोर घेऊन आमच्या दारात आली. तिनं एवढंच विचारलं, "तू माझं पाय चेपत व्हतीस, तवाच ठरवलं व्हतंस?" मी व्हय म्हटलं. खोटं बोलायला हवं होतं का ते मला आजही कळत नाही. ती गेली ती पुन्हा भेटली नाही. त्या सगळ्या हिशेबात एवढी एकच गोष्ट मला टोचते.

नवा ठेकेदार आला तेव्हा आबांना मानानं बोलावलं. हात कापत होते, टाकी त्यांच्यानं धरवत नव्हती. ते नुसते बसून दगड वाजवायचे आणि हा घ्या, हा नको, सांगायचे. त्यांनी निवडलेल्या दगडांचा खांब उभा राहिला. आबा त्याच्यावर हात फिरवून खाली आले. जुन्या ठेकेदाराबद्दल ते पुन्हा कधीच बोलले नाहीत. मला त्याचा राग यायचा. एवढं सगळं मी ज्याच्यासाठी केलं त्याच्या मनात सूडच नव्हता.

मी तोवर पुढचं शिकून तळेगावच्या मुलींच्या शाळेत लागले होते. आबांना मी तिकडे नेलं. एका दुपारी पुण्याहून आलेल्या ओळखीच्या माणसानं सांगितलं, तो जुना ठेकेदार गेला. सरकारी कामं बंद झाली, धंदा बसला, आणि लोणावळ्यातल्या भाड्याच्या खोलीत एकटाच वारला. मी बाजारातून गूळ आणि डाळ आणली. पुरण घातलं, पोळ्या केल्या, वर तूप सोडलं. आबांनी एक घास घेतला आणि विचारलं, "आज कसला सन?"

मी सांगितलं.

ते ताटावरून उठले, हात धुतला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी त्यांना बोलवायला गेले नाही. पोळी गरम होती. मी बसून पोटभर जेवले.