मार्करचा डाव

पुंडलिक शेजूळ एकतीस वर्षं टेनिस खेळले, पण त्यांच्या नावावर एकही डाव नव्हता.

हे ऐकून माणसं बुचकळ्यात पडायची. मग मार्कर म्हणजे काय, ते समजावून सांगावं लागायचं. शहरातल्या एका जुन्या क्लबात पुंडलिक मार्कर होते. पहाटे कोर्टावर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, जाळी ताणायची आणि एखाद्या सभासदाला जोडीदार नसेल तर समोर उभं राहून त्याच्याशी खेळायचं. खेळायचं म्हणजे चेंडू द्यायचा. साहेबाचं पोट सुटलेलं असेल तर दोन पावलांच्या आत द्यायचा. साहेब चिडलेला असेल तर त्याला मनसोक्त हाणता येईल असा उंच द्यायचा. चेंडू साहेबापासून लांब टाकायचा नाही, एवढं एकच पथ्य. गुण मोजायचा प्रश्नच नव्हता.

चितेगावहून एकोणिसाव्या वर्षी ते शहरात आले, तेव्हा क्लबात माळीकामाला लागले होते. संध्याकाळी कोर्टाच्या कडेला झारी घेऊन उभं राहायचं आणि बघायचं. बघता बघता हात शिकला. तेव्हाच्या म्हाताऱ्या मार्करनं एक दिवस जुनी रॅकेट हातात दिली, चार चेंडू टाकले आणि म्हणाला, "लेका, तुझ्या मनगटात हाय काहीतरी. पण दाखवू नको कुणाला."

पुंडलिकांनी ते कुणाला दाखवलं नाही. फक्त एकदा, पस्तिशीच्या आत असताना, बदलून आलेला एक तरुण अधिकारी समोर उभा राहिला आणि म्हणाला, "असं गोंजारत नको. खरं खेळा. मोजून." पुंडलिकांनी रॅकेट घट्ट धरली. चार-चारपर्यंत आले दोघं. त्या अर्ध्या तासात पाय जमिनीला टेकत नव्हते असं ते नंतर सांगायचे. तेवढ्यात व्हरांड्यातून सेक्रेटरींनी टाळी वाजवली, "पुंडलिक, मोठे साहेब आलेत. दोन नंबरच्या कोर्टावर जा." अधिकाऱ्यानं हात हलवला, "उद्या पुरं करू." पण उद्या त्याला दौरा होता, परवा पाऊस, आणि पुढच्याच महिन्यात त्याची पुन्हा बदली झाली.

निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला, दोन भाषणं झाली. पुंडलिक घरी आले आणि मुकुंदवाडी स्टेशनाच्या अलीकडच्या एका कॉलनीत राहू लागले. तिथं त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या. मुलगी लग्न होऊन गेली होती. पत्नी लक्ष्मीबाई शिवणकाम करायच्या. रिकाम्या संध्याकाळी पुंडलिक शाळेच्या मैदानाकडं जाऊन कुंपणापाशी उभे राहायचे. आत पोरं काही ना काही खेळत असायची. घरी आले की लक्ष्मीबाई बघायच्या, यांचा उजवा हात चहाच्या कपाभोवतीसुद्धा रॅकेट धरल्यासारखा वळलेला असायचा.

"दुखतोय का हात?" त्या विचारायच्या.

"नाय," पुंडलिक म्हणायचे. "सवय हाय."

गेल्या हिवाळ्यात कॉलनीत पिकलबॉलचं वारं शिरलं. कॉलनीच्या मधोमध एक ओपन स्पेस होती. नावाला बाग, प्रत्यक्षात गाजरगवत आणि बांधकामाचा राडारोडा. वॉर्ड ऑफिसात कुणीतरी सांगितलं की रहिवाशांनी नकाशा काढून दिला आणि शेजारच्या घरांची लेखी संमती जोडली, तर तिथं सार्वजनिक कोर्ट मंजूर होऊ शकेल. कुणालाही फुकट खेळता येईल असं. कॉलनीतली मोनिका एका आर्किटेक्टच्या ऑफिसात कामाला होती, तिनं नकाशा अंगावर घेतला. बैठका व्हायच्या हैदरभाईंच्या अंगणात. हैदरभाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. माणसं जमवायची त्यांना भारी हौस.

पहिल्याच बैठकीत कुणीतरी पिकल म्हणजे लोणचं ना, असं विचारून हसवलं. मोनिकानं मोबाइलवर खेळ दाखवला. लाकडी फळीसारखी रुंद पॅडल, भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा हलका चेंडू, बॅडमिंटनएवढं कोर्ट आणि टेनिसपेक्षा जराशी बुटकी जाळी. पुंडलिक मागच्या खुर्चीवर होते. ते मान लांब करून बघत राहिले. सगळे चहाकडं वळले तरी त्यांची नजर त्या मोबाइलवरून हलेना.

चार बैठका झाल्या, पुंडलिक एक शब्द बोलले नाहीत. साहेब लोक बोलतात तिथं आपण उभं राहायचं, ही सवय हाडात मुरलेली. चौथ्या बैठकीनंतर सगळे ओपन स्पेसवर जागा बघायला गेले. मोनिकानं कागद पसरला. जागा पूर्व-पश्चिम लांब होती, म्हणून तिनं दोन्ही कोर्टं तशीच आडवी बसवली होती. सकाळचे साडेसात झाले होते. पुंडलिक कोर्टाच्या एका टोकाला जिथं खेळाडू उभा राहील तिथं जाऊन उभे राहिले आणि त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

हैदरभाईंनी ते पाहिलं. "पुंडलिकभाऊ, बोलो ना. काय झालं? दिल में मत रखो."

पुंडलिकांनी आजूबाजूला पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाले, "ताई, हे असं नाय चालायचं. इथं उभारणाऱ्याच्या डोळ्यात सकाळी ऊन, आन् तिथल्याच्या डोळ्यात संध्याकाळी. चेंडू दिसणारच नाय. कोर्ट दक्षिण-उत्तर पाहिजे."

मोनिकानं उन्हाकडं पाहिलं. मग तिनं कागद फिरवला. "मग दोन शेजारी शेजारी बसवावी लागतील, काका."

"बसतात. मी पावलानं मोजलंय." आणि एकदा तोंड उघडल्यावर त्यांना थांबता येईना. "आन् खाली काळी माती हाय. पावसात फुगती, उन्हात फाटती. वर कितीबी चांगलं काँक्रीट टाका, दोन वर्षांत तडे जातील. आमच्या क्लबात गेले होते. तीन फूट माती काढा, मुरूम भरा, पाणी मारून मारून दाबा. उतार एका बाजूनं दुसऱ्या बाजूला द्या, जाळीकडून मागं नको. पश्चिमेला झाडं ठेवा, हा चेंडू हलका हाय, वारा त्याला पळवून नेईल. पण लिंबाचं झाड कोर्टावर वाकायला नको, लिंबोळ्यांवरून पाय घसरतो."

मोनिका भराभर लिहून घेत होती. "काका, तुम्ही इतके दिवस बोलला का नाहीत?"

पुंडलिक वाकून मातीचं एक ढेकूळ उचलून बघायला लागले. त्या दिवशी घरी येऊन ते दोन भाकरी जास्त जेवले.

नकाशा झाला. पण एक सही अडली. ओपन स्पेसच्या उत्तरेला आप्पासाहेबांचा बंगला होता. आप्पासाहेब मूळचे करमाडकडचे, मोठे जमीनदार. रस्त्यालगतची जमीन कारखान्यांना गेल्यावर शहरात आले आणि बंगला बांधून राहिले. पॅडलचा टकटक आवाज दिवसभर ऐकायचा नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. हैदरभाईंनी तोडगा काढला. ओपन स्पेसवरचं थोडं गवत काढून चुन्यानं कोर्ट आखू, भाड्याची जाळी लावू आणि रविवारी सकाळी खेळून दाखवू. आवाज किती येतो ते त्यांनी स्वतः ऐकावं.

चुन्याच्या रेघा अर्थातच पुंडलिकांनी मारल्या. सुतळी न धरता मारल्या, तरी मोनिकानं टेप लावून पाहिलं तेव्हा बोटभराचाही फरक निघाला नाही.

रविवारी आप्पासाहेब आले. पांढरे बूट, पांढरी पँट. पुंडलिकांना बघताच थबकले. "अरे, पुंडलिक! तू इथं?"

आप्पासाहेब पुंडलिकांच्याच क्लबाचे सभासद होते; मार्कर आपल्याच कॉलनीत राहतो हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. बारा-तेरा वर्षं, आठवड्यातून तीन दिवस, पुंडलिकांनी त्यांना चेंडू दिले होते. फोरहँड भक्कम, डावीकडं कच्चे, पळायचा कंटाळा. पुंडलिकांना त्यांचा खेळ स्वतःच्या अंगणासारखा पाठ होता.

"व्हय साहेब," पुंडलिक म्हणाले आणि नकळत त्यांनी हात मागं बांधले.

"आवाज ऐकायचाच आहे तर खेळूनच बघतो," आप्पासाहेबांनी पॅडल उचललं. "ये. दे थोडे चेंडू."

हैदरभाई बाकड्यावरून म्हणाले, "देणं-घेणं नाही, आप्पासाहेब. मॅच खेळा. अकरा गुणांची. मी मोजतो."

आप्पासाहेब हसले. "चालेल की."

पहिले चार चेंडू पुंडलिकांनी नेहमीसारखे दिले. त्यांना वेगळं काही येतच नव्हतं. चेंडू त्यांच्या पॅडलवरून सुटायचा आणि गुमान साहेबांच्या उजव्या हाताशी जायचा. साहेब हाणायचे. हैदरभाईंनी मोठ्यानं सांगितलं, "चार-शून्य."

तो आकडा पुंडलिकांच्या कानात शिरला. आपल्या नावापुढं शून्य. शून्य का होईना, इतक्या वर्षांनी आज आपल्या नावापुढं कुणी काही मोजत होतं. समोर डावीकडं केवढी तरी जागा मोकळी पडली होती. ती त्यांना नेहमीच दिसायची, इतकी वर्षं रोज दिसली होती. पुढचा चेंडू आला. पुंडलिकांनी मनगट फिरवलं आणि चेंडू त्या मोकळ्या जागेत टाकला.

आप्पासाहेब हललेही नाहीत. त्यांनी चेंडूकडं पाहिलं, मग पुंडलिकांकडं. पुंडलिकांना वाटलं, आता माफी मागावी.

"सर्व्हिस तुझी," आप्पासाहेब शेवटी म्हणाले.

मग पुंडलिक खेळले. साठीचे गुडघे कुरकुरत होते, तरी चेंडू कुठं येणार ते त्यांना पॅडलला लागायच्या आधी कळत होतं. जाळीपाशी हळूच टाकायचे, साहेब पुढं धावले की मागं उचलायचे. लक्ष्मीबाई कधी येऊन उभ्या राहिल्या ते त्यांना समजलं नाही. चार-चार झाले, सहा-पाच झाले. आप्पासाहेब घामानं निथळत होते, पण त्यांनी एकदाही थांबा म्हटलं नाही. शेवटी अकरा-सहानं पुंडलिक जिंकले. हैदरभाई उठून "वाह! वाह!" म्हणत टाळ्या वाजवू लागले.

आप्पासाहेबांनी पॅडल बाकड्यावर ठेवलं, रुमालानं तोंड पुसलं आणि सरळ घरी गेले. फाटक लागल्याचा आवाज आला. पुंडलिकांचा चेहरा उतरला.

"माझ्यापायी सही गेली," ते मोनिकाला म्हणाले.

पण सही गेली नाही. दुसऱ्या दिवशी आप्पासाहेबांच्या गड्यानं कागद आणून दिला. सकाळी सहाच्या आधी आणि संध्याकाळी आठनंतर खेळू नये, कोर्ट भिंतीपासून शक्य तितकं लांब सरकवावं, एवढ्या दोन अटी आणि खाली सही. सरकवासरकवीत दोन कोर्टांची जागा उरली नाही. एकच मंजूर झालं. उन्हाळ्यात माती निघाली, मुरूम पडला. पुंडलिक रोज टोपी घालून तिथं उभे राहायचे आणि रोलरवाल्याला म्हणायचे, "आणखी एकदा फिरव, बाबा."

पावसाळा सरल्यावर कोर्ट सुरू झालं. सकाळी बाया खेळायला येऊ लागल्या, संध्याकाळी कॉलेजची मुलं-मुली. शिकायला सगळे पुंडलिकांकडं यायचे. हैदरभाई तर रोज हरायचे आणि रोज भांडायचे. इतकं सगळं मिळालं, तरी पुंडलिकांच्या मनातली हुरहुर जाईना. वीस वर्षांचे पाय कोर्टावर उड्या मारताना बघितले की त्यांच्या मनात यायचं, असं कोर्ट तेव्हा असतं तर? कुणाचीही परवानगी न लागणारं? आणि दुसरं एक होतं, ते त्यांना कुणाला सांगता येत नव्हतं. ते राहून राहून उत्तरेकडच्या त्या फाटकाकडं बघायचे. आप्पासाहेब त्या रविवारनंतर एकदाही आले नव्हते.

"त्यांची कामून वाट बघता?" लक्ष्मीबाईंनी एकदा विचारलं. "त्यांनी काय दिलं तुम्हाला?"

पुंडलिकांनी चहाचा कप खाली ठेवला. "त्यांनी थांबवलं नाय गं," ते म्हणाले. "हरत होते, तरी थांबवलं नाय."

दिवाळीनंतरच्या एका सकाळी ते दोन पॅडल घेऊन त्या फाटकाशी गेले. त्या फाटकाची बेल त्यांनी कधी वाजवली नव्हती. वाजवली. बऱ्याच वेळानं आप्पासाहेब स्वतः बाहेर आले. अंगात स्वेटर, गुडघ्याला पट्टा.

"काय रे?"

"साहेब, एक डाव."

आप्पासाहेबांनी फाटकाची कडी धरून ठेवली. "बारा वर्षं," ते म्हणाले, "मला वाटायचं मी बरा खेळतो. क्लबात मी लोकांना सांगायचो. तू सांगायचंस तरी एकदा."

"तुम्ही खरंच बरे खेळायचात, साहेब."

"पुन्हा हाताशी चेंडू देतोस?"

पुंडलिकांना हसू आलं, आणि आप्पासाहेबांनाही ते लपवता आलं नाही.

"डावीकडं कच्चे आहात," पुंडलिक म्हणाले. "ते शिकता येतं. अजूनबी येतं."

आप्पासाहेबांनी आपल्या गुडघ्याच्या पट्ट्याकडं पाहिलं, मग कोर्टाकडं. तिथं चार बाया खेळत होत्या आणि कुणाचा तरी चेंडू बाहेर गेल्यावरून हसणं चाललं होतं. "डॉक्टरनं महिनाभर नको म्हटलंय," ते म्हणाले.

"मग महिन्यानं."

"बघू."

पुंडलिकांनी एक पॅडल फाटकावरून पुढं केलं. आप्पासाहेबांनी ते घेतलं, तळव्यात फिरवून पाहिलं आणि आत नेलं. पुंडलिक परत निघाले. बायांचा डाव संपत आला होता, त्यानंतर त्यांचा आणि हैदरभाईंचा नंबर होता.