तुरीच्या दाण्यांचं सोडियम

सोडियमच्या शेवटच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो, हे माझ्या सासूबाईंना मुळीच पटलं नाही.

लग्नाआधी दहावीत माझं विज्ञान राहिलं होतं आणि ते मला चौदा वर्षं खुपत होतं. शेवटी मनाचा हिय्या करून फॉर्म भरला. नवरा म्हणाला, "या वयात?" दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. पण खरी धास्ती मलाच होती. पुन्हा नापास झाले, तर नाचणगावात तोंड कसं दाखवू?

धडा डोक्यात शिरेना, म्हणून एका दुपारी परातीत पीठ पसरलं, मधोमध केंद्रक म्हणून सुपारी ठेवली, भोवती बोटानं तीन गोल काढले आणि तुरीचे दाणे मांडले. पहिल्यात दोन, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात एक. शेजारी सासूबाई तूर निवडत होत्या.

"हा एकटाच काऊन बसून राह्यला?"

"सोडियमचं तसंच असते, आई."

"असं कसं? आतले दाटीनं बसले, अन् याले कोनीच नाई?" त्यांनी सुपातला एक दाणा उचलून त्याच्याशेजारी ठेवला.

मी वैतागले. "आता याचं मॅग्नेशियम झालं नं. अन् त्याच्यासाठी सुपारीत बी एक प्रोटॉन वाढवा लागते."

"मंग वाढव. तुले कोनी अडवलं?"

पुढं रोज हेच. मी सोडियम मांडायची आणि जरा पाठ वळली की त्याचं मॅग्नेशियम झालेलं असायचं. चिडचिड व्हायची, हसूही फुटायचं.

वर्ध्याला पेपर हातात आला आणि डोकं रिकामं झालं. मॅग्नेशियमचं इलेक्ट्रॉन संरूपण लिहा. परात आठवली. दोन, आठ, दोन. मग हात थांबला तो घंटा झाल्यावरच.

बाहेर सोळा-सोळा वर्षांची पोरं घोळके करून उत्तरं ताडून बघत होती. त्यांच्यात मी कुठं जाणार? तेवढ्यात फाटकाशी सासूबाई दिसल्या, हातात डबा घेऊन. शेजारच्या पुलगावच्या पुढं कधी एकट्या न गेलेल्या बाई बसनं वर्ध्याला आल्या होत्या.

"म्हटलं, तू एकटीच राह्यशीन," त्या म्हणाल्या.

"कोनतं आलतं?"

"मॅग्नेशियम."

"म्हंजे माह्यावालं."

निकालाच्या दिवशी त्या दारात उभ्या राहून शेजारणींना सांगत होत्या, "आमी दोघी पास झालो." मी काही दुरुस्त करायला गेले नाही.