दोन वूफर आणि एक घोडी

माझ्या गाडीच्या डिकीत एकेकाळी दोन दहा इंची वूफर होते आणि त्यांच्यातून बेस सोडून बाकी सगळं यायचं. गरम हवा यायची, जळका वास यायचा, एकदा तर मुंग्याही आल्या (त्यांचं कारण पुढे सांगतो).

कॅसेटी मागे पडून सीडी आल्या, त्या दिवसांतली ही गोष्ट. मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळायचा. नुकतीच सेकंडहँड गाडी घेतली होती. त्या काळी संध्याकाळी कॉलेज रोडवरून गाडी गेल्यावर बाजूच्या माणसाच्या छातीत बेस धडधडला नाही, तर ती गाडी असून नसल्यासारखीच! म्हणून मी वूफर, अँप्लिफायर आणि लाकडी खोकं असा सगळा संसार विकत आणला.

दुकानदार म्हणाला, "फिटिंग करून देतो, साहेब."

"काही गरज नाही! लालला लाल, काळीला काळी. त्यात काय एवढं?"

घरी येऊन पाहिलं, तर माझ्याकडच्या वायरी पांढऱ्या होत्या. सगळ्याच्या सगळ्या!

खरं तर जाणकार माणूस घरातच होता. आमचे वडील, अण्णा, यांचं पंचवटीत पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. द्राक्षबागवाले जळालेल्या मोटारी घेऊन यायचे आणि अण्णा मोटारीवर हात ठेवून, मान तिरकी करून, वैद्याने नाडी बघावी तसं ऐकत बसायचे. माझ्या डिकीपाशीही ते दोनदा आले.

"मी बघू का रे, नंदू?"

"अण्णा, ही पाण्याची मोटार नाही. स्टिरिओ आहे हा!"

"बरं," म्हणाले आणि चहा प्यायला निघून गेले.

अशातच माझ्या धाकट्या बहिणीचं, माधुरीचं, लग्न ठरलं. मुलगा सटाण्याचा. बैठकीला त्याचे मामा आले होते. भरघोस मिशा, आवाज त्याहून भरघोस. त्यांनी विचारलं, "वरातीला बँड कोणता?"

अण्णा उत्तर देणार, तेवढ्यात माझी जीभ सुटली. "बँड कोण लावतं आता, मामा? माझी गाडी आहे ना!"

"ढोल छातीत वाजला पाहिजे बरं का!"

"छाती सांभाळून ठेवा," मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी जाऊन, अण्णांनी बोलून ठेवलेल्या बँडवाल्याला मीच 'नको' म्हणून सांगून आलो!

माधुरीने मला स्वयंपाकघरात गाठलं. "दादा, तुझ्या गाडीतला ढोल बिस्किटाच्या डब्यासारखा वाजतो. माझ्या सासरचे हसतील रे."

"तीन आठवडे आहेत, माधे. छताला हादरे बसतील, बघ."

पहिल्या आठवड्यात मी अँप्लिफायरवरचं जे जे फिरतं ते ते शेवटपर्यंत फिरवलं. बेस आला नाही, पण ॲक्सिलरेटर दाबला की वूफर "कुंईऽऽ" असा कळवळायचा. गल्लीतली कुत्री सहानुभूतीने चौकापर्यंत पोचवायला यायची.

दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी सांगितलं, खोक्याच्या फटींतून हवा गळत असेल. आईने ते ऐकलं. "एवढंच ना? कणीक लाव." आणि भांड्याच्या झाकणाला लावतात तशी घट्ट कणीक तिने स्वतःच्या हाताने खोक्याच्या चारी कडांना थापली. बेस आला नाही. सकाळी मुंग्या आल्या.

तिसऱ्या आठवड्यात कारखान्यातला मित्र म्हणाला, "खोक्यात कापूस भर, आवाज घुमतो." घरात कापूस होता, पण तो माधुरीला द्यायच्या नव्या उशांमध्ये होता. मी दोन उशांची शिवण उसवली, मूठमूठ कापूस काढला आणि परत टाके घातले. आईने रुखवत मांडताना उशी हातात घेतली आणि किंचाळली, "ही काय उशी म्हणायची की रुमाल? गादीवाल्याने फसवलं मेल्याने!" मी मान हलवून म्हणालो, "हल्ली कोणावर विश्वास ठेवायची सोय नाही." (त्या गादीवाल्याची आज मनापासून माफी मागतो.)

लग्नाचा दिवस उजाडला. मखमलाबाद रोडला, मळ्यांच्या मधोमध एक लॉन घेतलं होतं. बाराचा मुहूर्त. अकरा वाजता लॉनजवळच्या मारुतीच्या देवळापासून वरात निघाली. पुढे माझी गाडी, डिकी उघडी. मागे नाचायला सज्ज झालेलं अर्धं सटाणा. त्यांच्या मागे घोडीवर बाशिंग बांधलेला नवरदेव.

मी गाणं लावलं. मामांनी दोन्ही हात वर केले. मग हळूहळू खाली घेतले.

ते माझ्या खिडकीत वाकले. "आवाज कोठे शे, भो?"

"येतोय, मामा, गरम होतोय जरा!" म्हणत मी व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेला. डास गुणगुणावा तसं गाणं गुणगुणत होतं. वऱ्हाडातल्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. लॉनच्या कार्यालयाच्या गच्चीवरून हिरव्या शालूतली माधुरी बघत होती. तिचा चेहरा मला तेवढ्या लांबूनही दिसला.

तेव्हा लॉनच्या फाटकातून अण्णा आले. डोक्याला गुलाबी फेटा, अंगात नवा कोट. डिकीत शिरले, लॉनच्या रखवालदाराकडून बॅटरी मागवली आणि तिच्यातला एक सेल काढला. त्याला वायरीचे दोन तुकडे धरून ते एका वूफरला टेकवले. पडदा बाहेर उचलला गेला. दुसऱ्याला तसेच टेकवले. पडदा आत गेला.

"एक ढकलतोय, एक ओढतोय," अण्णा म्हणाले. "दोघांचा संसार कसा व्हायचा? एकाच्या वायरी उलट्या जोडल्यास तू." मग खोक्याच्या तोंडातून निघालेला कापूस त्यांनी एकदा बघितला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि दातांनी वायर सोलली.

दोन वायरींची अदलाबदल. बस्स!

आता, व्हॉल्यूम शेवटपर्यंत. अँप्लिफायरवरचं सगळं शेवटपर्यंत. हे मी विसरलो होतो.

"धाड्!"

गाडीची काच थरथरली, मामांचा फेटा हलला, झाडावरचे कावळे उडाले आणि घोडी... घोडी नवरदेवासकट वळली आणि उलट्या दिशेने मळ्यांच्या रस्त्याला लागली!

"धरा! धरा!" मामा माझ्या शेजारी येऊन बसले. मी गाडी वळवून घोडीमागे घातली. आम्ही जवळ गेलो की घोडी आणखी जोरात पळे. साहजिक होतं, ज्या आवाजाला ती घाबरली होती, तोच आम्ही तिच्यामागे घेऊन चाललो होतो!

"अरे, आवाज बंद कर!" मामा ओरडले. मी बटण फिरवायला गेलो, ते उपटून हातात आलं.

"मग गाडी बंद कर!"

"मग घोडी कशी गाठू?"

तेवढ्यात मागून आवाज आला, "नंदूऽ, हळू चालव, मी पडेन!" अण्णा अजून डिकीतच होते! पाय बाहेर लोंबकळत, एका हाताने फेटा आणि दुसऱ्या हाताने अँप्लिफायर धरून. मी ब्रेक दाबला. अण्णांनी वायरच उपटली.

शांतता. पुढे घोडीही थांबली, एका मळ्यात शिरली आणि कोथिंबीर खायला लागली. मळेवाली बाई खुरपं घेऊन धावत आली. "कोथिंबीर हाय ती, मांडव नाय! उतर खाली, नवरदेवा!"

नवरदेव उतरला. बाशिंग कानावर, बुटात चिखल. मला वाटलं, आता लग्न मोडतं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, मी लग्नाला हो म्हटलं होतं. पळवून न्यायची काय गरज होती?"

आधी मामा हसले, मग ती बाई, मग अण्णा. तोवर वऱ्हाडही धावत येऊन पोचलं आणि वरात परत फिरली ती पायी. अण्णांनी वायर जोडली, अँप्लिफायरवरूनच आवाज बेताचा केला आणि मामा असे नाचले, की मुहूर्त वीस मिनिटं पुढे गेला.

संध्याकाळी पाचला पाठवणी झाली. नवरा-नवरीला सटाण्याला मीच नेलं. ओझर, पिंपळगाव मागे पडलं तरी माधुरीचे हुंदके थांबेनात. चांदवड आल्यावर ती नाक पुसत म्हणाली, "दादा, लाव ना गाणं. मोठ्याने लाव."

मी लावलं. पहिल्यांदाच नीट ऐकत होतो. सीट थरथरत होती, पाठ थरथरत होती, बाहेर ऊन उतरत होतं. घरी अण्णा एकटेच ओट्यावर बसले असतील, असं उगाच मनात आलं.

भावोजी आजही सगळ्यांना सांगतात, की घाटात नंदूदादा ढसाढसा रडत होते आणि मला दोनदा स्टिअरिंग धरावं लागलं. साफ खोटं आहे! वायरिंग बरोबर असलं की बेस थेट डोळ्यांपर्यंत जातो. एवढंच.