मोडलेला रोजा

काल कोलोनमधल्या तुर्की दुकानात खजुराचा उघडा खोका दिसला, आणि त्या गोडसर, ओलसर वासानं शेजारच्या सीरियन आजींचं स्वयंपाकघर आठवलं. मी तेव्हा इथे शिकत होते. रमजानातल्या एका संध्याकाळी आजींनी मला ‘फास्टनब्रेखन’ला बोलावलं. या जर्मन शब्दाचं मला हसू यायचं. फास्टनब्रेखन म्हणजे उपास मोडणं. आपण उपास सोडतो. मोडतो तो चुकून.

मसुराच्या सुपाची वाफ येत होती. सूर्य मावळायची वाट बघत आजी, त्यांची लेक आणि मी बसलो होतो.

"आमच्या गावात मदफा, म्हणजे तोफ उडायची," आजी अडखळत जर्मनमध्ये म्हणाल्या. "ती ऐकली की रोजा सोडायचा. मुलं आनंदानं ओरडायची."

तेवढ्यात खरंच मोठा धमाका झाला. काचा थरथरल्या. महायुद्धातला जुना बॉम्ब सापडला होता, तो निकामी करायला पोलिसांनी नदीपलीकडे मुद्दाम उडवला, हे नंतर कळलं. आजींनी सवयीनं खजूर तोंडात टाकला. लेक मात्र टेबलाखाली होती, दोन्ही हातांनी डोकं झाकून.

बाहेर अजून ऊन होतं. आजींनी तोंडात उरलेला खजूर तळहातावर काढला आणि खाली वाकून लेकीला अरबीत समजावू लागल्या. मला एकच शब्द कळत होता, "मदफा... मदफा."

सूर्य मावळला तरी ती बाहेर आली नाही. आजींकडे सोडायला रोजा उरलाच नव्हता.