त्या रविवारी भोजन झालं नाही

महेश घुल्यांनी टाईप करून आणलेला कागद सगुणाबाईंनी दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "महेश, यातला माणूस कोण?"

महेश चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी. वीज मंडळातून रिटायर झालेले, मनानं चांगले, पण जन्मभर फायलीत डोकं घातलेले. ते गडबडले. "असं काय पाळकीणबाई? आपले पाळकसाहेबच की."

सगुणाबाईंचे यजमान, चर्चचे जुने पाळक रेव्हरंड शांतवन त्रिभुवन जाऊन बारा दिवस झाले होते. वय शहात्तर. येत्या रविवारी चर्चमध्ये त्यांची स्मरण-उपासना होती, मागोमाग प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर मोडून सगळ्यांनी वाटून घ्यायचा विधी, आणि रिवाजाप्रमाणे त्यांचा जीवनवृत्तान्त वाचला जाणार होता. कागदावर सगळं जागच्या जागी होतं. जन्म, दीक्षा, सिन्नर, नांदगाव, नाशिक, अडतीस वर्षं सेवा. खाली लिहिलं होतं, 'साहेब आयुष्यात कधी चुकले नाहीत. पत्नी सगुणाबाई सावलीसारख्या पाठीशी राहिल्या.'

"सावली?" सगुणाबाई म्हणाल्या. "तेवीस वर्षं पालिकेच्या शाळेत साठ-साठ पोरं सांभाळली मी. सावली हजेरी घेते होय? आणि तो रविवार कुठाय?"

कोणता रविवार, हे महेशना विचारावं लागलं नाही. मंडळीत पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला तो पाठ होता. "तो राहू द्या ना बाई. बाहेरचे पाळक येणार, चार पाहुणे येणार. उगाच साहेबांची शोभा होईल."

कमिटी बसली आणि ठरलं, की कागद महेशच वाचतील. शेवटी बाईंनी दोन शब्द बोलावेत, पण तो विषय नको. मुलगी तृप्तीसुद्धा म्हणाली, "आई, जाऊ दे ना आता." सगुणाबाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या नाहीत म्हणजे ऐकलं असं समजायचं कारण नाही, हे तृप्तीला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

आता तो रविवार सांगायचा, तर आधी शनिवार सांगायला हवा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, आणि आदल्या दिवशी साहेबांची फेरी. सायकल काढायची, घरोघर जायचं आणि दारातूनच विचारायचं, "उद्या भोजन आहे. कोणाशी अबोला आहे का?" असेल तर तो मिटवल्याशिवाय गडी हलायचा नाही. ज्याच्या मनात अढी आहे त्यानं प्रभूच्या मेजाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. नांदगावला असताना नवसाबाई आणि कलाबाई या सख्ख्या जावा कोथिंबिरीच्या वाफ्यात घुसलेल्या शेळीवरून वर्षभर बोलत नव्हत्या. साहेब दोघींच्या मधल्या अंगणात बाज टाकून बसले. म्हणाले, अर्धा कप चहा हिच्या हातचा आणि अर्धा तिच्या हातचा घेईन, पण एकाच कपात. तीन तास बसले. शेवटी नवसाबाईच वैतागली. "लय चिवट हाय बाबा हा मानूस," म्हणाली आणि कप घेऊन जावेच्या चुलीपाशी गेली.

घरातही माणूस असाच. तृप्तीच्या वेण्या तेच घालायचे, एक वर एक खाली. रविवारचं मटण त्यांच्या हातचं, कारण सगुणाबाई संडे स्कूल घ्यायच्या. गळा मात्र देवानं दिलाच नव्हता. साहेब गाऊ लागले की पेटीवाला पट्टी शोधत फिरायचा.

पण एका बाबतीत साहेब ठार आंधळे होते. वरून बदलीचं पत्र आलं की 'प्रभूची इच्छा' असं लिहून त्याच दिवशी उत्तर टपालात. सिन्नरला सगुणाबाईंची बालवाडी नुकती रुजली होती, ती सोडली. नांदगावला खासगी शाळेत कायम व्हायच्या होत्या, तीही सोडली. दोन्ही वेळा कोणी विचारलं नाही, आणि त्याही काही बोलल्या नाहीत. मग नाशिक. वयाची मर्यादा संपायला तीन महिने उरले असताना पालिकेच्या शाळेची ऑर्डर हातात पडली. त्या दिवशी शरणपूर रोडवरून त्या घरापर्यंत जवळजवळ पळत आल्या होत्या.

वर्षही झालं नाही आणि एका शनिवारी भाजीवाली म्हणाली, "बाई, सटाण्याला चालल्या म्हनं तुम्ही? साहेब सांगत व्हते."

सगुणाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आल्या. साहेब फेरीवर होते. अकरा घरांतले अबोले मिटवून ते अंधार पडता पडता परतले, तर ताट वाढलेलं होतं, ताटाशेजारी शाळेची ऑर्डर ठेवलेली होती आणि बायको गप्प. "काय झालं, सगुणा?" उत्तर नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे त्या मनात म्हणाल्या, मोठ्यानं नाही.

दुसऱ्या दिवशी चर्च भरलेलं. साहेबांनी भाकर हातात घेतली, प्रार्थनेला तोंड उघडलं आणि थांबले. भाकर मेजावर ठेवली. पायऱ्या उतरले, बायकांच्या तिसऱ्या बाकापाशी आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "सगुणा, तुला न विचारता मी तुझं आयुष्य दोनदा उचलून नेलं, आता तिसऱ्यांदा न्यायला निघालो. मला माफ करशील का?"

अख्खं चर्च सगुणाबाईंच्या तोंडाकडे बघत होतं. दुसरी असती तर लाजेकाजेनं हो म्हणाली असती. सगुणाबाई म्हणाल्या, "घरी चला, मग बघू."

साहेब वर गेले, मेजावर पांढरं कापड घातलं आणि सांगितलं, "आज भोजन होणार नाही. पाळकाच्या घरात अबोला आहे." दीडशे माणसं तशीच घरी गेली. महिनाभर नाशकातल्या ख्रिस्ती घरांत दुसरा विषय नव्हता.

सोमवारी साहेब वरिष्ठांकडे गेले आणि बदली नको म्हणून लिहून दिलं. त्याचं फळ असं, की पुढची वीस वर्षं त्याच लहान चर्चात राहिले. त्यांच्या मागून आलेले मोठमोठ्या चर्चांचे पाळक झाले. साहेबांनी त्याबद्दल एकदाही सुस्कारा टाकला नाही. सगुणाबाईंनी सोमवारी रात्रीच भाकरी वाढताना "झालं गेलं" म्हटलं होतं. मनापासून म्हटलं होतं. पण साहेबांनी माफी मागितली चर्चमध्ये, आणि सगुणाबाईंनी दिली स्वयंपाकघरात. पुढच्या महिन्यात तिथं बोलू म्हणाल्या. मग ईस्टरला बोलू म्हणाल्या. लोक विसरले की कशाला उकरायचं, असं करता करता एकतीस वर्षं गेली आणि ऐकणारा माणूसच उठून गेला. बारा दिवस त्यांना सलत होतं ते हे. महेशच्या कागदाशी त्यांचं भांडण नव्हतंच.

रविवारी महेशनी कागद वाचला. सावलीचं वाक्य त्यांनी गाळलं, तेवढं मात्र खरं. मग म्हणाले, "आता पाळकीणबाई दोन शब्द बोलतील. दोनच."

सगुणाबाई पुढे गेल्या. फोटोकडे नाही, मेजाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. तृप्तीनं डोळे मिटून घेतले.

"साहेब कधी चुकले नाहीत असं आत्ता वाचलं," त्या म्हणाल्या. "चुकले. तीनदा चुकले, आणि ह्याच जागी सगळ्यांसमोर कबूल केलं. जुन्या लोकांना ठाऊक आहे, नव्यांनी घरी जाऊन विचारावं. नवऱ्यानं बायकोची माफी चार भिंतींत मागितलेली तुम्ही पाहिली असेल. चर्चमध्ये, भाकर खाली ठेवून मागितलेली मी ह्या एकट्याचीच पाहिली. त्या दिवशी तुम्ही उपाशी गेलात, कारण हा माणूस मनात अढी ठेवून भाकर मोडायला तयार नव्हता. महेश, हे लिहा त्यांच्या चरित्रात. बाकीचं नसलं तरी चालेल."

महेशनी मान खाली घातली होती. मागच्या बाकांवरची म्हातारी माणसं पदरानं, रुमालानं डोळे पुसत होती.

"त्यांनी मला इथं विचारलं होतं. मी इथं उत्तर दिलं नाही, हे माझं चुकलं." आवाज फुटला, पण त्या थांबल्या नाहीत. "अहो, केलं माफ. त्याच सोमवारी केलं होतं. आता तुम्ही मला करा."

मग बाहेरून आलेल्या तरुण पाळकाकडे वळून त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाल्या, "मोडा भाकर."